धाव्याला ओ देऊ नये

६ जानेवारी

ताई,

माझा फोन लागत नाही म्हणून तू आईचं डोकं खाल्लंस म्हणे. फोन तळ्याच्या तळाशी आहे. मीच फेकला. टेकडीवर चढून 'पलीकडची'ला धाडलेला मेसेज महिनाभर एकाच टिकवर लटकला होता, डोकं फिरलं आणि भिरकावला. मग आठवलं, तिच्या किनाऱ्यावर नेटवर्कच नाही, तर दुसरी टिक येणार कुठून! पण तोवर बुडबुडेही विरले होते. हसू नकोस. आता पत्रं लिहीन. पाहुण्यांची बस परत जाताना ड्रायव्हरकाका तुमच्या शहरात पेटीत टाकतील.

तू आत्याची मुलगी असलीस तरी सख्ख्या बहिणीपेक्षा जास्त कान उपटले आहेस माझे. म्हणून तुलाच सांगतो. काल पर्यटक केंद्रात सभा होती आणि मला सभेतून बाहेर काढलं.

तुमच्या पर्यटन कंपनीच्या इथल्या साहेबाला, म्हणजे आमच्या हिरव्या टोपीला, नवी कल्पना सुचली आहे. तुला सुट्टीतल्या हाका आठवतात ना? पलीकडून एक आखूड हाक आली तर होडी हवी. दोन आल्या तर निरोप आहे. आणि तिसरी ती लांब, चढत जाणारी, मध्येच तुटल्यासारखी होऊन पुन्हा वर उचलणारी. धावा. धावा आला की हातातला घास टाकून निघायचं, आणि निघता निघता मोठ्याने ओ द्यायची, म्हणजे हाक मारणाऱ्याला कळतं की ऐकलं कुणीतरी. ओ येईपर्यंत तो धावा मारतच राहतो.

मागच्या महिन्यात पलीकडच्या एका म्हातारीला विंचू चावला तेव्हा धावा झाला. काठावरचे पाहुणे म्हणे भारावून गेले. आता हिरव्या टोपीला तो रोज चार वाजता हवा आहे. एकदाच. वर ओ द्यायची नाही, कारण पाहुण्यांचं रेकॉर्डिंग खराब होतं आणि पक्षी बिचकतात. धाव्याने पक्षी बिचकत नाहीत, ओ दिली की बिचकतात! असले शहाणे पक्षी.

मी उठून म्हणालो, "उद्या पाहुण्यांना तिरडी बघायला आवडली तर रोज एक माणूस मारणार का?" झालं. दोघांनी दंडाला धरून बाहेर. दारात आजी कुजबुजली, "धावा खेळायला काढू नये रे." पण ती आत बोलली नाही. कोणीच बोललं नाही. अर्ध्या गावाची चूल त्या केंद्रावर पेटते.

तुझा,
तवा

१२ जानेवारी

तव्या,

नाव मी ठेवलं ते उगाच नाही. चटकन तापतोस, आणि पोळी मात्र दुसऱ्याची जळते.

तुझ्या सभेचा वृत्तांत डबा खाताना वाचला, ठसका लागला. तिरडी काय! पण इथे माझ्या खुर्चीत बसून बघ. दिवसभर कानाला फोन. काल एक बाई बोलता बोलता रडायलाच लागल्या, "दोन दिवस तरी असं ठिकाण द्या जिथे मला कुणी शोधू शकणार नाही." ही माणसं वाईट नाहीत रे. दमलेली आहेत. तुमचं तळं बघून घरी जातात आणि ओल्या-सुक्या कचऱ्याचे दोन डबे ठेवायला लागतात, असंही लिहून कळवतात. कंपनी नसती तर काठचं लव्हाळं उपटून कुणीतरी एव्हाना तिथे प्लॉट पाडले असते. हेही खरं ना?

राहिला तुमच्याकडच्या मोबाईलचा टॉवर. मी वर विचारलं होतं. "टॉवर नाही, हेच तर आपण विकतो," असं उत्तर मिळालं. मी पुढचा फोन उचलला.

आणि कॉलेज तू तत्त्वासाठी सोडलंस हे मामीला सांग. मला नको. तुझ्या तत्त्वाला दोन वेण्या आहेत आणि ते पलीकडच्या किनाऱ्यावर राहतं.

ताई

२४ जानेवारी

ताई,

कार्यक्रम सुरू झाला. आणि धावा कोण मारते? ओळख. तीच!

सभेनंतर धक्क्यावर भेटली होती. मला वाटलं, शाबासकी देईल. म्हणाली, "तू कशाला मध्ये पडलास? काम मी मागितलंय." तिच्या बाबांचा चटयांचा धंदा तुला माहीत आहे. लव्हाळ्यात पक्षी अंडी घालतात म्हणून कापणीवर बंदी आली, तेव्हापासून चटईवाले काका नुसते सुतळीच्या गाठी मारत बसतात. पलीकडच्या चार घरांतली धडधाकट माणसं हंगामभर केंद्राच्या खोल्यांतच मुक्काम टाकून झाडलोट करतात. तिला बाबांना सोडून इकडे राहता येत नाही. "घरी राहून करता येईल असं एकच काम आहे, घशाचं. नाहीतर मावशीकडे शहरात धाडतील मला. जाऊ?" मी तिथेच थंड. तापलेला तवा पाण्यात टाकल्यावर होतो ना, तसा. आवाजासकट.

तर आता माझं काम असं: साडेतीनला होडीत पाहुणे भरायचे, तळ्याच्या मध्यावर नेऊन वल्ही आत घ्यायची, बोटांनी ओठांवर कुलूप दाखवायचं. चारला ती धावा मारते. मग शांतता. मग टाळ्या. साडेचारला सगळ्या होड्या इकडच्या धक्क्याला बांधायच्या आणि किल्ली केंद्रात जमा, सकाळपर्यंत पाण्यात काही हलता कामा नये. धक्क्यावर पाटी लावली आहे, हिरवी, सुबक अक्षरांत: 'शांतता राखा. धाव्याला ओ देऊ नये.' पहिल्या दिवशी दोन पाहुणे गंमत म्हणून ओ ओ करत सुटले होते, त्यावरून.

पहिल्यांदा धावा आला तेव्हा माझे हात आपोआप वल्ह्यांकडे गेले. दुसऱ्या दिवशी कमी गेले. आता मांडीवर असतात.

काकांनी परवा मला गाठलंच. "कॉलेज अर्धवट सोडलेला पोरगा म्हणजे अर्धी विणलेली चटई. ना बसायला, ना विकायला." मी म्हटलं, "काका, राहिलेली तुम्ही विणा." हसले! मिशीत, पण हसले. ताई, विचारू का त्यांना? की आधी तिला?

तवा

३० जानेवारी

अरे ठोंब्या,

आधी तिला! काकांशी का लग्न करायचं आहे तुला?

आणि विचारताना भाषण ठोकू नकोस. तुझं प्रेमपत्र मी वाचलेलं आहे, आठवीतलं; त्यात तीनदा 'क्रांती' आलं होतं. सरळ विचार. ती नाही म्हणाली तर तळ्यात फेकायला आता फोनही नाही, तेव्हा उडी बिडी मारू नकोस.

इथे कार्यक्रमाचं कौतुक चाललंय. लोक फोनवर विचारतात, "ती हाक मारणारी मुलगी त्या दिवशी असेल ना?" मी म्हणते, असेल. सांगताना मला उगाच मोठेपणा वाटतो, आमच्या घरचीच असल्यासारखा.

ताई

९ फेब्रुवारी, संध्याकाळ

ताई गं,

बस सुटायला थोडाच वेळ आहे, धक्क्याच्या पायरीवर बसून लिहितोय. अक्षर बघू नकोस.

विचारलं! काल, तिला पलीकडे होडीतून उतरवताना. भाषण नाही, काही नाही. म्हटलं, "माझ्याशी लग्न करशील?" तिने पदराला लागलेला चिखल झटकला आणि म्हणाली, "उद्या सांगते." मी म्हटलं, उद्या तर मी दिवसभर पाहुण्यांबरोबर, तू पलीकडे. "मग कान उघडे ठेव," म्हणाली आणि पळाली.

आणि आज! आज तिने काय धावा मारला ताई, मी जन्मात असा ऐकला नाही. चार वाजायच्या जरा आधीच. वर गेला, तुटला, पुन्हा वर. पाहुण्यांनी श्वास रोखले. संपला असं वाटलं तर पुन्हा! कार्यक्रमात एकदाच असतो. मग तिसऱ्यांदा! माझ्या अंगावर काटा. मला कळलं, हे पाहुण्यांसाठी नाही. हे उत्तर आहे. होडीत एक वयस्कर बाई होत्या, त्यांनी माझी बाही धरली, "अरे बाळा, ती मुलगी रडते आहे का?" मी छाती फुगवून म्हटलं, "नाही आजी, आवाजच तसा आहे तिचा." त्या म्हणाल्या, "तिला कुणी उत्तर नाही का देत?" मी पाटीकडे बोट दाखवलं. सगळे हसले. एका पोराने सगळं फोनवर टिपलं.

लांबून ती काठाकाठाने पळताना दिसली. लाजली असणार. टाळ्या तर थांबेचनात. ओ द्यावीशी फार वाटली, घशापर्यंत आली होती. गिळली. नोकरी टिकवायची आहे आता, संसार मांडायचा आहे!

ड्रायव्हरकाका हॉर्न मारतायत. सकाळी पहिल्या होडीने जातो आणि तिच्या तोंडून ऐकतो.

तुझा सगळ्यात सुखी,
तवा

१३ फेब्रुवारी

तव्या,

पत्र आत्ताच मिळालं. तीनदा का?

तूच लिहिलं होतंस ना, ओ येईपर्यंत मारतात म्हणून. तू म्हणतोस तसंच असेल. तुला उत्तरच दिलं असेल तिने. असू दे तसंच. पण टेकडीवर चढून कुणाच्या तरी फोनवरून मला फोन कर. केंद्रात मी लावते आहे, कुणी उचलत नाही.

ताई

२० फेब्रुवारी

ताई,

टेकडीवर गेलो होतो. तुझा नंबर पाठ आहे. लावला नाही. बोलता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांग पाडून धक्क्यावर उभा होतो. किल्ली घेऊन केंद्राचा माणूस यायचा होता. ती तळ्याच्या कडेकडेने चालत आली. वळशाची ती चिखलाची वाट, रात्रभर तुडवून. कमरेपर्यंत चिखल, एक वेणी सुटलेली, पायात काही नाही. माझ्यासमोर उभी राहिली. आवाज पार बसला होता.

"ऐकू नाही आलं?"

मी म्हणालो, "आलं."

ताई, दुसरं काय म्हणू? खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं का? ती माझ्याकडे बघत राहिली. मग कुलूप लावलेल्या होडीकडे बघितलं. मग पाटीकडे.

काका दुपारी सुतळी वळता वळता कलंडले होते. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. विंचवाच्या म्हातारीला त्यांच्याजवळ बसवून ती काठावर धावली होती. मी मधोमध होतो. मला ती दिसत होती. वाऱ्यावर केस उडताना दिसत होते.

मी दगडाने कुलूप फोडलं आणि काकांना आणलं. इस्पितळात डॉक्टरांनी तपासलं, आणि विचारलं, "काल का नाही आणलं?" नर्सने तिच्या हातात पाण्याचा पेला दिला तर तो तिने तसाच धरून ठेवला, बराच वेळ.

काका जगले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. चटई विणायला दोन हात लागतात.

हिरवी टोपी भेटायला आली होती. फळं आणली. माणूस खरंच रडला, ताई. त्याची कॉलर धरायची म्हणून मी मूठ वळून उठलो होतो आणि तो रडायला लागला. मग मूठ कुठे ठेवायची तेच कळेना. "दुर्दैव," म्हणाला. कुलपाबद्दल काही बोलणार नाही, म्हणाला.

तिने अजून उत्तर दिलेलं नाही. मी आता विचारणारही नाही.

तवा

२७ फेब्रुवारी

बाळा,

दोन पानं लिहून फाडली. काय लिहू? तुझी चूक नाही असं लिहिलं तर तू चिडशील, आहे लिहिलं तर कोसळशील.

एक गोष्ट तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे. होडीतल्या त्या पोराने टिपलेलं सगळीकडे फिरतंय. लाखो लोकांनी ऐकलं. आपल्याकडे काय झालं ते त्यांना माहीत नाही. "काय आर्त आवाज आहे," असं खाली लिहितात. बुकिंग दुप्पट झालं. सोमवारी ऑफिसात आले तर फोन होल्डवर ठेवला की वाजणारी धून बदललेली. तोच धावा. तिसरा.

मी इथल्या मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. बसून ऐकलं त्यांनी. म्हणाले, "फार वाईट झालं. पण बाई, ऐकणाऱ्याला ते कुठे माहीत आहे?" कुटुंबाला मदत पाठवतो म्हणाले. धून बदलायचं बघतो म्हणाले.

अजून बघतायत.

ताई

८ मार्च

ताई,

आज तुझ्यावर ओरडायला पत्र लिहितोय.

केंद्रात नवी पत्रकं आली. 'पाण्यावरून अनवाणी चालत येणारी हाक.' हे वाक्य कुणाचं आहे? दहा वर्षांची होतीस, माडीवर आपण दोघं झोपायचो, तेव्हा तू हाक ऐकून म्हणाली होतीस, "तव्या, ही पाण्यावरून अनवाणी चालत येते." डिसेंबरचं जुनं पत्रक काढून बघितलं. त्यातही तेच. म्हणजे सभेच्याही आधी तू लिहून बसली होतीस. आणि माझ्या सभेचा वृत्तांत वाचून तुला ठसका लागत होता!

ओरडून झालं. पुढचं सांगतो, कारण सांगायला तुझ्याशिवाय आहेच कोण.

तिचा आवाज परत आला आणि ती पुन्हा कामावर लागली. औषधं आहेत, दुसरं काही नाही. मी तिला म्हटलं, नको. ती म्हणाली, "तू पोसणार आहेस? कशावर?" रागाने म्हणाली नाही. खरंच विचारत होती.

पहिल्या दिवशी चारला धावा आला. मी मध्यावर, होडीत आठ पाहुणे. माझ्याच्याने बसवेना. वल्ही पाण्यात टाकली, छाती फुटेस्तोवर ओ दिली आणि होडी पलीकडे काढली. पाहुणे किंचाळले, एकाची टोपी गेली. मी थांबलो नाही. काठाला लागलो. ती उभी होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. चार वाजले."

"काका?"

"बरे आहेत. जा."

मी आत जाऊन काकांना बघितलं, कूस बदलून दिली, परत आलो. नोकरी गेली असंच धरून चाललो होतो. दुसऱ्या दिवशीही हेच केलं. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी हिरव्या टोपीने बोलावलं. पाणी दिलं. म्हणाला, पाहुण्यांना हे फार आवडलंय. हाकेला धावून जाणारा नावाडी. आता हे कार्यक्रमातच घेऊ. पाटी काढू. आणि ओ जरा लांबव, म्हणाला.

ताई, मी काय करू? नाही गेलो तर तो दिवस पुन्हा येतो. गेलो तर मी त्यांचा नट. मी मूठ वळली होती गं. या माणसांना मारायचं तरी कुठे?

तवा

१४ मार्च

तव्या,

हो. मीच लिहिलं. मला नोकरीत कायम व्हायचं होतं आणि साहेब म्हणाले, मनातलं काहीतरी लिहा. माझ्या मनात तेवढंच एक सुंदर होतं. ते दिलं.

नोकरी सोडलेली नाही. आईचं डायलिसिस या नोकरीच्या विम्यावर चालतं, तुला माहीत आहे. धून बदललेली नाही. मी एवढंच करते, फोन पहिल्या घंटेलाच उचलते आणि कुणाला होल्डवर ठेवत नाही. जेवायला उठत नाही. शेजारची मुलगी विचारते, एवढी घाई कसली? काय सांगू तिला?

काय करू, असं विचारलंस. मला माहीत नाही रे. कान उपटायला हात उचलला की माझाच कान हाताला लागतो.

ताई

२५ मार्च

ताई,

पाकिटात आईने पाठवलेली मिरपूड आहे असं आत्याला सांग, म्हणजे ती पत्र उघडून बघणार नाही.

पाटी काढली. भोकं राहिली आहेत खांबाला. माझ्या अंगात केंद्राने दिलेला सदरा असतो, पाठीवर पक्षी छापलेला. पाहुणे आधीच विचारतात, कोणत्या बाजूला बसलं म्हणजे नीट दिसेल. मी सांगतो, डावीकडे.

पण एक झालंय. सांगतो.

ती आता एकदा हाक मारून थांबत नाही. मी ओ देईपर्यंत मारते. परवा माझा घसा बसला होता, ओ बाहेरच येईना, तर तिने चार-पाचदा मारला, चढत चढत. शेवटी मी होडीच्या तळावर वल्हं आपटलं तेव्हा थांबली. पाहुण्यांना वाटलं, आज जास्त मिळालं. खूश झाले.

काठाला लागल्यावर मी रोजचं विचारलं, "काय झालं?" रोज ती म्हणते, काही नाही. परवा म्हणाली, "मला आता कळत नाही." मी म्हटलं, काय कळत नाही? म्हणाली, "मारायला लागते तेव्हा कामाचा असतो. अर्ध्यावर गेला की बाबा पडलेले दिसतात. मग तो कुठला, मलाच सांगता येत नाही. तू आपला येत जा."

आत काका जागे होते. मी कूस बदलायला वाकलो तर डाव्या हाताने माझ्या सदऱ्याची बाही चिमटीत धरली आणि कापड बोटांनी चाचपत बसले, वीण बघतात तसे. सोडेनात. बाहेर होडीत पाहुणे खोळंबले होते, कुणीतरी टाळ्या वाजवून बोलवत होतं.

मी बसून राहिलो. ते सोडेपर्यंत.

उद्या चारला पुन्हा जायचं आहे.

तवा